रँचोची शाळा, पिवळी स्कूटर आणि आमच्या ग्रुपचा 'प्लॅन'

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. काहींच्या जिव्हारी लागणार हे माहीत आहे, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यातले निम्मे माझ्याच ग्रुपमधले आहेत आणि उरलेल्या निम्म्यांत मी आहे.

तर आमचा दहा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप. नाव 'ऑल इज वेल लडाख'. जूनमध्ये जायचं ठरलंय. कारण एकच, 'थ्री इडियट्स'. २००९ च्या डिसेंबरात सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळे इंजिनिअरिंगच्या बॅकलॉगमध्ये गळ्यापर्यंत बुडालेलो होतो. वाईहून साताऱ्याला जाऊन तीनदा पाहिला. शेवटी ते निळंशार पाणी, मागे उघडे डोंगर आणि नवरीच्या कपड्यात स्कूटरवरून येणारी करीना. तेव्हाच ठरलं होतं की एकदा तिथं जायचं. नोकऱ्या, लग्नं, पोरं, होम लोन यात इतकी वर्षं गेली. आता एकदाचं जमलंय.

एका एजंटानं पीडीएफ पाठवली. सहा रात्री, सात दिवस. पहिल्या दिवशी विमानानं लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला, मग नुब्रा, मग पँगाँग. पँगाँगच्या पुढे कंसात लिहिलंय 'थ्री इडियट्स पॉइंट, स्कूटरसोबत फोटो'. परतीच्या दिवशी 'रँचो स्कूल, ३० मिनिटं'.

त्या तीस मिनिटांपासून सुरुवात करतो.

'रँचोची शाळा' म्हणून जी दाखवली ती शे गावातली ड्रुक पद्मा कार्पो शाळा. लेहपासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. ती काही सेट नव्हती, खरी शाळा आहे आणि आजही तिथं पोरं शिकतात. सिनेमात चतुर एका भिंतीवर लघवी करायला जातो आणि पोरं त्याला वायर सोडून शॉक देतात, ती भिंत या शाळेची. सिनेमानंतर लोक ती भिंत बघायला येऊ लागले. वर्ग चालू असताना खिडकीतून डोकावायचं, पोरांना ओढून सेल्फी काढायचा, जाताना चिप्सची पाकिटं तिथंच टाकायची. शेवटी २०१८ मध्ये शाळेनं जाहीर केलं की ती भिंत आम्ही हटवतोय आणि पर्यटकांना आवारात घेणार नाही. पोरांच्या शिक्षणात व्यत्यय येतो, हे कारण.

आता बघा, सिनेमा कशावर होता? शिक्षणावर. त्या सिनेमाच्या प्रेमापोटी आपण एका शाळेत इतका धुडगूस घातला की शाळेला स्वतःची भिंत काढायची वेळ आली. आणि आमच्या पीडीएफमध्ये अजून ती तीस मिनिटं आहेत. एजंटाला फोन केला तर म्हणाला, "सर, बाहेरून दाखवतो. क्लायंटना नाव पाहिजे असतं."

त्याच शाळेबद्दल आणखी एक. जगभर नाव झालेल्या, रँचोची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शाळेला सीबीएसईची मान्यता मिळायला २०२५ साल उजाडावं लागलं. भिंतीपुढे पोज दिलेल्या लाखभर लोकांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल? मलाही गेल्या महिन्यापर्यंत नव्हतं. या शाळेचे संडास पाण्याशिवाय चालतात, उन्हाच्या उष्णतेचा वापर करून मुद्दाम तसे बांधलेत. हा संडासाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

स्कूटर. पँगाँगच्या काठावर पिवळ्या स्कूटरी उभ्या आहेत, पैसे द्यायचे आणि बसून फोटो काढायचा. शेजारी ढुंगणाच्या आकाराची तीन स्टुलं. ती स्टुलं त्या प्रसंगात नव्हतीच राव! ती पोस्टरवरची. म्हणजे पोस्टरची नक्कल सिनेमाच्या जागी नेऊन ठेवली आणि आपण रांग लावून त्या नकलेची नक्कल करतोय. ज्या सिनेमात घोकंपट्टीची टर उडवली, ज्यात चतुरचं पाठ केलेलं भाषण ऐकून आपण खुर्चीवरून पडेस्तोवर हसलो, त्याच सिनेमाचे चाहते चौदा हजार फुटांवर जाऊन एकच फोटो घोकतात. आम्ही स्वतःला रँचो समजत होतो, निघालो सगळे चतुर.

इथवर गंमत होती.

पँगाँग म्हणजे सुमारे ४,२५० मीटर उंचीवरचं, जवळजवळ १३४ किलोमीटर लांबीचं तळं. एक तृतीयांशाच्या आसपास भाग आपल्याकडे, बाकीचा चीनच्या ताब्यात. पाणी मचूळ, पिण्यालायक नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की या तळ्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. आपली कृष्णा कितीही घाण केली तरी पावसाळ्यात धुऊन निघते, निदान पुढच्या गावाला जाते (आणि पुढचं गाव आपल्याला शिव्या घालतं, तो वेगळा विषय). पँगाँगमध्ये जे जाईल ते तिथंच राहणार. साबण असो, सांडपाणी असो, प्लास्टिक असो, त्याला जायला दुसरी जागाच नाही.

लेहमध्ये वर्षाला पाऊस पडतो तो साधारण शंभर मिलिमीटर. आपल्या महाबळेश्वरला जुलैतल्या एका दिवसात याहून जास्त पडतो. तिथली शेती, पिणं, जनावरं, सगळं डोंगरावरच्या बर्फाच्या वितळत्या पाण्यावर. हे पाणी इतकं मोजून वापरायचं असतं की गावानं त्यासाठी एक माणूस नेमलेला असतो, त्याला 'चुरपोन' म्हणतात. कोणाच्या शेतात पाटाचं पाणी कधी आणि किती वेळ सोडायचं हे तो ठरवतो. आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखाच, फक्त त्याच्या हातात धरण नाही, वरची हिमनदी आहे, आणि ती दरवर्षी आटत चाललीय. पारंपरिक लडाखी घरात संडास कोरडा. वर माती-राख टाकायची, खाली खत तयार होतं, वसंतात ते शेतात जातं. पाण्याचा थेंब लागत नाही. शतकानुशतकं चाललेली ही चोख व्यवस्था.

आणि आपल्याला काय पाहिजे? आमच्या ग्रुपवर हॉटेलबद्दल आलेले पहिले तीन प्रश्न: गीझर आहे का, कमोड आहे का, चोवीस तास पाणी आहे का. प्रश्न चूक आहेत असं नाही, बायका-पोरं बरोबर आहेत. पण याच तीन प्रश्नांनी लेहचं काय केलं ते समजून घ्या. प्रत्येक हॉटेलला फ्लश, म्हणून प्रत्येक हॉटेलला बोअर, आणि मैला जमिनीतल्या टाकीत, खड्ड्यात. वरून उपसा, खालून झिरपा. तळ्याकाठी स्पांगमिकला तंबूंच्या रांगाच्या रांगा, प्रत्येक तंबूला 'अटॅच बाथरूम' म्हणून जाहिरात. मी एजंटाला विचारलं, अटॅच बाथरूमचं पाणी जातं कुठं? तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "सर, आजवर कोणी विचारलं नाही."

खरंय, आम्हीही इतके दिवस विचारलं नव्हतं.

आकडा पाहिजे तर घ्या. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत. २०२२ मध्ये आणि २०२३ मध्ये पर्यटक आले वर्षाला पाच लाखांच्या वर. त्यातले बहुतेक मे ते सप्टेंबर या चार-पाच महिन्यांत, म्हणजे नेमकं शेतीला पाणी लागतं तेव्हा. वाईची लोकसंख्या डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या दुप्पट पाहुणे उन्हाळ्यात टँकरच्या दिवसांत आलेत असं समजा.

आता ग्रुपवर हमखास येणारं उत्तर: "आपण पैसे देतो ना? त्यांचं पोट आपल्यावरच आहे."

हो, मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणून मी 'लडाखला जाऊ नका' असं म्हणत नाहीये. पहलगामच्या हल्ल्यानंतर बुकिंग धडाधड रद्द झाली तेव्हा टॅक्सीवाल्यांचे, गेस्टहाउसवाल्यांचे किती हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं. बहिष्कार घालून कोणाचं भलं होत नाही. पण पैसे दिले म्हणजे जागा विकत घेतली असं होत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये पँगाँगच्या पाण्यात ऑडी घालून टेबल मांडून बसलेल्या पर्यटकांचा व्हिडिओ फिरला होता, आठवतोय? त्यांनीही पैसे दिलेच असतील.

आणि आपण जे पैसे देतो ते जातात कुठं, हेही बघा. लडाखच्या टॅक्सी युनियनचा नियम आहे की बाहेरून भाड्यानं आणलेली गाडी किंवा बाइक पँगाँग-नुब्राला चालणार नाही, तिथली घ्यावी लागेल. आमच्यातला एकजण यावर पेटला. "दादागिरी आहे ही. देश एक आहे ना?" त्याला मी एवढंच विचारलं की माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावर का ठेवतोस? महाबळेश्वरला पॉइंट बघायला लोकल टॅक्सी करतोस तेव्हा देश कुठं जातो? भाड्याच्या गाडीचा पैसा चंदीगडला किंवा पुण्यात राहतो. तिथली टॅक्सी केली तर तो गावात राहतो. या साध्या हिशोबाला दादागिरी म्हणायचं असेल तर म्हणा.

खरं तर हे आपल्याला वेगळं सांगायला नको होतं. आपण वाईकर आहोत. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं. तेव्हापासून शनिवार-रविवारी तिथं काय होतं ते कोणी सांगायला हवं का? प्री-वेडिंगवाले, रील्सवाले, घाटाच्या पायऱ्यांवर ड्रोन, नदीत बाटल्या. कोणी टोकलं की "आम्ही लांबून आलोय" हे उत्तर. मग आपण फेसबुकवर पोस्टी टाकतो, पुण्या-मुंबईच्या लोकांना अक्कल नाही म्हणतो. कासला ऑनलाइन बुकिंग सुरू झालं तेव्हा 'बरं झालं' म्हणणारे आपणच. आणि विमानात बसून लेहला उतरलो की तेच आपण 'पुण्या-मुंबईचे' होतो.

आता जो भाग लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, तो.

ज्या फुनसुख वांगडूवर आपण जीव टाकला, ते पात्र लिहिताना लडाखच्या सोनम वांगचुक यांच्यापासून काही प्रेरणा घेतली असं सांगितलं जातं. पात्र जसंच्या तसं त्यांचं नाही, हे ते स्वतःही सांगत आलेत. पण काम खरं आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली 'सेकमोल' ही त्यांची संस्था, जिथं दहावी नापास पोरांना जागा मिळाली. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी शंकूच्या आकारात गोठवून उन्हाळ्याच्या तोंडावर शेतीला द्यायचं, ते 'आइस स्तूप'. २०१८ चा मॅगसेसे. सिनेमा आवडलेल्या माणसाला हे सगळं आवडायलाच पाहिजे.

२०१९ मध्ये लडाख केंद्रशासित प्रदेश झाला, पण विधानसभेशिवाय. सुरुवातीला लेहमध्ये आनंद झाला. मग लक्षात आलं की जमीन, पाणी, नोकऱ्या याबद्दलचे निर्णय घेणारं आपलं निवडून दिलेलं सभागृहच नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक आदिवासी, म्हणून सहाव्या अनुसूचीची मागणी आली, जशी ती मेघालय, मिझोरामला लागू आहे. २०२० च्या लेह पर्वतीय परिषदेच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षानं तसं आश्वासनही दिलं होतं. ते पाळलं गेलं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये वांगचुक २१ दिवस उपोषणाला बसले, थंडीत, उघड्यावर. २४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये आंदोलन चिघळलं, जमावानं जाळपोळ केली, गोळीबारात चार माणसं गेली. दोनच दिवसांनी वांगचुक यांना रासुकाखाली अटक करून जोधपूरच्या तुरुंगात नेलं.

तुमचं त्यांच्या राजकारणाशी जमो न जमो. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे हे ठरवायला कोर्ट आहे. मला फक्त आमच्या ग्रुपची गोष्ट सांगायची आहे. ज्या दिवशी ती बातमी आली, त्या दिवशी ग्रुपवर एकच मेसेज पडला: "अरे, मग जूनमध्ये परमिट-बिरमिटचा लोच्या होणार का?" त्याखाली स्कूटरवरच्या करीनाचं स्टिकर. आणि मी त्याला हसण्याची इमोजी दिली होती. शोधून पाहिलं, अजून आहे ती तिथं.

सहावी अनुसूची म्हणजे काही फुटीरपणाची भानगड नव्हे. किती तंबू, कुठं, कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या पाण्यावर, हे ठरवताना तिथल्या माणसाचा शब्द चालावा, एवढीच तिची रोजच्या भाषेतली मागणी. म्हणजे आमची पीडीएफ आणि त्यांचं आंदोलन एकाच तळ्याबद्दल आहे.

आणि आता तर त्या तळ्याकाठी आपलं, मराठी माणसाचं, आणखी एक नातं तयार झालंय. डिसेंबर २०२४ मध्ये लष्करानं पँगाँगच्या काठी छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला. आमच्या नव्या पीडीएफमध्ये तोही 'पॉइंट' आहे. तेव्हा चुशूलचे निवडून आलेले प्रतिनिधी कोंचोक स्तान्झिन यांनी जाहीरपणे विचारलं होतं की स्थानिकांना विचारात का घेतलं नाही, इथल्या निसर्गाशी याचा मेळ काय? आमच्या ग्रुपवर त्यांना काय काय म्हटलं गेलं ते इथं लिहीत नाही. 'देशद्रोही' हा त्यातला सौम्य शब्द.

त्या 'देशद्रोही' गावांची एक गोष्ट. २०२० मध्ये पँगाँगच्या दक्षिणेकडच्या शिखरांवर आपले जवान चढून बसले, तेव्हा चुशूल, मेरक या गावांतली माणसं पाठीवर पाणी आणि रेशन वाहून वर पोचवत होती. चराईच्या जमिनी गेल्या म्हणून ओरडणारी माणसंही हीच. सीमेवर त्यांचंच घर आहे. त्यांनी एक प्रश्न विचारला तर आपल्या महाराजांचा अपमान होतो?

महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र आपण शाळेत ऐकलंय, जयंतीला त्यातलं वाक्य बॅनरवर छापतो. ते पत्र नीट वाचा एकदा. ते सगळं साठ्याबद्दल आहे. जवळचं धान्य, दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशी बेतानं वापरा. उधळलंत तर पुढे मिळणार नाही, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. बाहेरून आलेल्या माणसांनी यजमानाच्या साठ्यावर पडू नये, हे इतक्या बारकाईनं लिहिणारा राजा. त्याच्या पुतळ्यासमोर फोटो काढून आपण संध्याकाळी 'अटॅच बाथरूम' तंबूत गरम पाण्याचा शॉवर चालू करणार?

असो. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दोघं लेफ्ट झाले. एकानं "तू मास्तर झालास" म्हटलं. तासभर भांडण झालं आणि मग, खरं सांगतो, नवा प्लॅन त्यातूनच निघाला. ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी घ्या.

सात दिवसांचे नऊ केले. लेह ३,५०० मीटरवर आहे, विमानानं थेट उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला म्हणजे डोकेदुखी, उलट्या, आणि नशीब वाईट असेल तर त्याहून पुढचं. मग आपण लेहच्या सोनम नुरबू हॉस्पिटलात, जे मुळात तिथल्या लोकांचं आहे, ऑक्सिजन लावून पडणार. म्हणून पहिले दोन दिवस काहीही नाही. बाजारात हळूहळू फिरायचं, भरपूर पाणी प्यायचं, झोपायचं. नुब्रा रद्द. दोन्हीकडे धावायची हौस सोडली की चार दिवस सुटतात.

पँगाँगला चांग ला वरून, लेहच्या टॅक्सीनं. एका दिवसात जाऊन-येऊन करायचं नाही, एकेका बाजूचा रस्ता पाच तासांचा आहे आणि वर सतरा हजार फुटांहून उंच खिंड. स्पांगमिकचे तंबू घ्यायचे नाहीत. पुढे मान, मेरक ही गावं आहेत, तिथं गावकऱ्यांच्या घरात राहायचं, दोन रात्री. संडास कोरडा असेल. आंघोळ होईल न होईल, एक बादली मिळाली तर मिळाली. दोन दिवस न्हालो नाही म्हणून कोणी मरत नाही, पंढरीच्या वारीत आपली आजी कशी जात होती? स्वतःच्या बाटल्या न्यायच्या. कचरा पिशवीत भरून लेहला परत. जूनमध्ये काठावर पट्टकादंब आणि चक्रवाक पिल्लं वाढवत असतात, त्यांच्या मागं पळायचं नाही, ड्रोन नाही.

शाळेत जायचं नाही. बाहेरूनही नाही.

यजमानाशी बोलायचं. वर्षभर काय करता, पाणी कसं येतं, चराई किती उरलीय, सहाव्या अनुसूचीबद्दल तुम्हाला काय वाटतं. सांगावंसं वाटलं तर सांगतील, नाही तर नाही.

खर्च माणशी चार-पाच हजारांनी वाढला. एजंटाचं पॅकेज रद्द केलं, त्यानं ॲडव्हान्समधले दोन हजार कापले. त्याचंही बरोबरच आहे.

जे दोघं लेफ्ट झाले त्यांच्या जागा रिकाम्या आहेत. गाडीत बसणारे आठ, तेव्हा लवकर सांगा. कोरडा संडास चालत असेल तर इनबॉक्सला या. स्कूटरवरचा फोटोच पाहिजे असेल तर आमच्या गॅरेजवाल्याकडे एक जुनी पिवळी स्कूटर पडून आहे, धोम धरणावर नेऊन काढून देतो, पेट्रोलचे पैसे तुमचे.